तारांकित शब्दांची चौकशी

मागच्या अंकात जपानच्या दक्षिणेकडच्या र्युक्यू बेटांवरच्या भाषांबद्दल लिहिताना मी फुलासाठी '*पाना' असा शब्द दिला होता, डोक्यावर तारा लावून. असा तारांकित शब्द कुठल्या पोथीत सापडत नाही. आज बोलल्या जाणाऱ्या बोली शेजारी शेजारी मांडून, मागे मागे जात तो बसवलेला असतो, एवढं सांगून मी पुढे सरकले. त्या वाक्याने बऱ्याच जणांना छळलेलं दिसतं. पत्रं आली, त्यातली काही चक्क रागावलेली. म्हणून या वेळचं सदर फक्त याच प्रश्नांचं.

प्रश्न: फुलाला मियाको बेटावर 'पाना' म्हणतात, जपानीत 'हाना', आणि तुमच्या मते मूळ शब्द 'पाना'. पण जपानीत बाराशे वर्षांहून जुनं लिखित साहित्य आहे, मियाकोत त्या मानाने काहीच नाही. लिहिलेलं बाजूला ठेवून न लिहिलेल्यावर विश्वास का ठेवायचा? उलट 'हा'चाच 'पा' झाला नसेल कशावरून? (इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर, आधी जपानीचीच साक्ष काढू, म्हणजे मी बेटांची बाजू घेते असं वाटणार नाही. जपानी काना लिपीत 'का'च्या खांद्यावर दोन बारीक रेघा मारल्या की 'गा' होतो. 'ता'ला मारल्या की 'दा'. आणि 'हा'ला मारल्या की? 'बा'. आपली वर्णमाला घोकलेल्या माणसाला हे लगेच खटकायला हवं. क-ग, त-द, तशी जोडी प-ब अशी असते. 'ह'चा 'ब'शी काय संबंध? मी जपानी शिकत होते तेव्हा हे विचारल्यावर "पाठ करा" एवढंच उत्तर मिळालं होतं. खरं उत्तर असं, की आज जिथे 'हा' म्हणतात तिथे एके काळी 'पा' म्हणत असत. उच्चार गेला, लिपीतली जोडी राहिली.

मधली पायरीसुद्धा हाती लागते. १६०३ मध्ये नागासाकीला जेझुइट पाद्र्यांनी जपानी-पोर्तुगीज कोश छापला. त्यात हे शब्द 'एफ' या रोमन अक्षराने लिहिले आहेत. म्हणजे तेव्हा तो 'ह' नव्हता. दिवा विझवताना फुंकर घालावी तसा, दोन ओठांमधून निसटणारा 'फ' होता. आधी प, मग हा फ, मग ह. ओठ पिढ्यान् पिढ्या ढिले पडत गेले. जगातल्या पुष्कळ भाषांनी ही वाट याच दिशेने चाललेली आहे. 'ह'चा सरसकट 'प' झालेला शोधायला निघालात तर हात हलवत परत याल.

आता बेटांकडे चला. क्यूशूपासून तैवानच्या दिशेने सुमारे हजार किलोमीटर पसरलेली ही माळ: वर अमामी, किकाई, योरोन; मध्ये ओकिनावा; मग सुमारे ३०० किलोमीटर मोकळा समुद्र, आणि त्यापलीकडे मियाको, याएयामा आणि टोकाला योनागुनी. मूळचा 'प' सगळीकडे टिकलेला नाही. र्युक्यू राज्याची राजधानी शुरी, तिथल्या प्रतिष्ठित बोलीत तो फ-ह झाला. पण मियाको आणि याएयामात तो आहे, ओकिनावा बेटाच्या उत्तरेला नाकिजिन गावात आहे, योरोनला आहे. ही गावं एकमेकांकडून 'प' उसना घ्यायला जाण्याइतकी जवळ नाहीत, आणि सगळ्यांनी आपापला वेगळा 'प' शोधून काढला असंही शक्य नाही. तेव्हा र्युक्यू भाषांच्या पूर्वजात 'प' धरावा लागतो.

आता एक शब्द तुमच्या समोरच सोडवते. 'माणूस'. जपानी 'हितो', मियाको 'पितु', शुरी 'चु'. एकटा 'चु' हातात घेऊन कोणी आयुष्यभर बसलं तरी '*पितो'पर्यंत पोचणार नाही. पण शुरीतल्या ऱ्हस्व 'ओ'चा नेमाने 'उ' होतो, हे इतर शेकडो शब्दांवरून ठाऊक आहे: 'कोकोरो'चा 'कुकुरु'. म्हणजे आधी '*पितु'. तिथल्या 'इ'ला मागच्या-पुढच्या व्यंजनाला तालव्य करायची खोड आहे, त्यामुळे 'तु'चा 'चु'. मग पहिलं अक्षर बोलण्याच्या ओघात गळालं. प्रत्येक पायरीला दुसऱ्या शब्दांचा आधार आहे की नाही, एवढंच पाहायचं असतं. नसेल तर ती गोष्ट छान, पण शास्त्र नव्हे.

हे झालं व्यंजनांचं. मला स्वतःला स्वरांचा भाग जास्त आवडतो, कारण तिथे ही बेटं जपानच्या सगळ्यात जुन्या ग्रंथांशी बरोबरीने बोलतात, आणि एका ठिकाणी त्यांच्याही मागे जातात.

शुरीत झाडाला 'की' म्हणतात. यकृताला, आणि त्यावरून मनाला, 'चिमु'. जपानीत हे शब्द 'कि' आणि 'किमो'. जपानीत दोन्हीकडे एकच 'कि'. शुरीत मात्र यकृतातल्या 'कि'चा 'चि' झाला आणि झाडाचा 'की' जसाच्या तसा उभा. ध्वनी बदलतात ते शब्दाचं तोंड पाहून बदलत नाहीत. एकाच ध्वनीचं एकाच परिस्थितीत दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं झालं, तर तो मुळात एक नव्हताच असं समजावं. मग शेजाऱ्यांना विचारायचं. अमामीत यकृतात साधा 'इ', झाडात जीभ मागे ओढून काढलेला वेगळाच 'इ'. मियाकोत अगदी उलट: झाडात साधा 'इ', आणि यकृतात दातांमागे 'स-झ'सारखी घरघर करणारा. दोन बेटांनी दोन दिशांना बदल केला, पण फरक दोघांनीही सांभाळला. म्हणून र्युक्यूच्या पूर्वजात झाड '*के' आणि यकृत '*किमो' असं मांडतात. शुरीचा 'की' हा जुन्या 'के'चा आहे; तो 'इ' झाला तोवर 'कि'चा 'चि' करण्याची लाट ओसरली होती.

आता गंमत पाहा. आठव्या शतकातला जपानी काव्यसंग्रह 'मान्योशू' चिनी अक्षरांत लिहिलेला आहे, आणि त्यात 'कि' लिहायला अक्षरांचे दोन गट वापरले आहेत. हे आधी कोणाच्या नीट लक्षात आलं नव्हतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इशिझुका तात्सुमारोने ते टिपलं आणि विसाव्या शतकात हाशिमोतो शिंकिची यांनी पक्कं केलं. यकृताचा 'कि' एका गटात, झाडाचा दुसऱ्या. बारा-तेराशे वर्षांपूर्वीचे, जपानची तेव्हाची राजधानी नारा इथल्या दरबारातले लेखक आणि आजची मियाकोची आजी, एकमेकांना न विचारता, एकाच जागी रेघ ओढतात. सर, न लिहिलेल्यावर विश्वास का ठेवायचा, याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आणि मागे जातात ते कुठे? 'पाणी'. आठव्या शतकातल्या जपानीत त्याचा पहिला स्वर 'इ' आहे, आजच्यासारखाच. पण अमामीत पाण्यातला स्वर 'डोळा' या शब्दातल्या स्वरासारखा आहे, आणि डोळ्यात मूळ 'ए' होता. म्हणून र्युक्यूच्या पूर्वजात पाणी '*मेझु'. म्हणजे हा 'ए' नारामध्ये लेखणी उचलली जाण्याआधीच 'इ'त मिसळून गेला होता, बेटांकडे गेलेल्यांनी मात्र तो सोबत नेला. हात्तोरी शिरो यांनी १९७८-७९ मध्ये लेखमाला लिहून हा मुद्दा लावून धरला, आणि तेव्हापासून जपानीचा इतिहास लिहिताना बेटं वगळून चालत नाही.

प्रश्न: मग सरळच आहे. जे बेट सगळ्यात दूर, त्याची भाषा सगळ्यात जुनी. योनागुनी तैवानपासून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, तिथे डोंगराला 'दामा' म्हणतात, जपानीत 'यामा'. तर मूळ शब्द 'दामा'च असणार ना?

उत्तर: नाही. पण हा प्रश्न विचारलात हे बरं झालं, कारण या मोहात भलेभले पडलेले आहेत. काही अभ्यासकांनी खरोखरच जपानी भाषाकुलाच्या पूर्वजात 'द' मांडला होता, योनागुनीकडे बोट दाखवून.

वस्तुस्थिती अशी: जिथे बाकी सगळी बेटं आणि जपानी 'य' म्हणतात, तिथे योनागुनी 'द' म्हणते. डोंगर 'दामा', घर 'दा', आणि बेटाचं स्वतःचं नाव 'दुनान', जे जपानीत 'योनागुनी' होतं. कागदावर दोन्ही शक्य आहे. 'द' मूळचा आणि बाकी सगळीकडे त्याचा 'य' झाला. किंवा 'य' मूळचा आणि एकट्या योनागुनीने त्याचा 'द' केला.

पहिला पुरावा भाजीचा. योनागुनीत भाजीला 'दासाई' म्हणतात. हा जपानी 'यासाई', आणि तो चिनीतून आलेला. तिथे सुरुवातीला 'द' नव्हता. म्हणजे बाहेरून आलेल्या 'य'चाही तिथे 'द' होतो. बरेच लोक इथे खटला निकालात काढतात. मी काढत नाही. कारण मूळचाच 'द' असलेल्या आणि 'य' नसलेल्या भाषेनेही उसना 'य' आपल्या तोंडाला येईल तसा 'द' करून घेतला असता. भाजी संशय वाढवते, निकाल देत नाही.

निकाल कोरियात मिळतो. १४७७ मध्ये जेजू बेटावरून संत्री घेऊन निघालेली एक नाव वादळात भरकटली आणि वाचलेले लोक योनागुनीच्या किनाऱ्याला लागले. बेटावरच्यांनी त्यांना सांभाळलं, मग एका बेटावरून पुढच्या बेटावर पोचवत पोचवत ओकिनावापर्यंत आणलं, आणि १४७९ मध्ये ते कोरियात परतले. राजा सोंगजोंगच्या कारकिर्दीच्या इतिवृत्तात त्यांची हकीकत नोंदली आहे: कुठे काय पिकतं, लोक काय नेसतात, काय खातात. बेटांची नावंही आहेत. योनागुनीचं नाव चिनी अक्षरांत असं लिहिलं आहे, की त्या काळच्या कोरियन वाचनाप्रमाणे ते 'झ्युनि शिमा' होतं; त्यातला 'शिमा' म्हणजे बेट, असा खुलासाही तिथेच आहे. हा 'झ' 'झाड'मधला घ्या, 'झेंडा'मधला नको.

म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो आवाज 'य' राहिला नव्हता आणि 'द' अजून झाला नव्हता. य, मग घासून निघणारा झ, मग अडवून सोडलेला द. नेमकी मधल्या पायरीवर असताना ती भाषा पकडली गेली, आणि तीही समुद्राने फेकलेल्या परक्या माणसांच्या कानांनी. भाषेच्या इतिहासात असा साक्षीदार मिळणं म्हणजे नशीब.

दक्षिणेकडच्या बेटांवर जपानी 'व'च्या जागी 'ब' येतो, पोटाला 'वाता'ऐवजी 'बाता', तिथेही हीच चर्चा चालते, आणि 'व' मूळचा, 'ब' नंतरचा याच बाजूला आज बहुतेकांचा कौल आहे. तेव्हा तुमचं सूत्र मोडीत निघालं: त्याच मियाकोचा 'प' खरोखर जुना आणि त्याच मियाकोचा 'ब' नवा. बेटाला वय नसतं. वय एकेका ध्वनीचं काढावं लागतं.

प्रश्न: या जपानीच्या बोलीच आहेत, असं मी जपानमध्ये राहून आलेल्या माणसाकडून ऐकलं. तुम्ही 'भाषा' का म्हणता?

उत्तर: कारण टोकियोच्या माणसाला मियाकोचं बोलणं कळत नाही, आणि मियाकोचं शुरीच्या माणसालाही नाही. बॅसिल हॉल चेंबरलेन या इंग्रज अभ्यासकांनी १८९५ मध्ये ओकिनावाच्या भाषेचं व्याकरण लिहिलं तेव्हाच जपानीशी तिचं नातं स्पॅनिश-इटालियनसारखं असल्याचं म्हटलं होतं. (त्यांचे आजोबा कॅप्टन बॅसिल हॉल १८१६ मध्ये जहाज घेऊन ओकिनावाला गेले होते, आणि त्यांच्या प्रवासवर्णनाला सोबतच्या क्लिफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने जमवलेला शब्दसंग्रह जोडलेला आहे. घराण्याचीच आवड म्हणायची.) १८७९ मध्ये राज्य खालसा होऊन ओकिनावा प्रांत झाला, आणि पुढे शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायची पद्धत पडली. 'बोली' हा शब्द त्या पाटीवरचाच आहे. युनेस्कोने २००९ मध्ये धोक्यातल्या भाषांच्या नकाशात अमामी, कुनिगामी, ओकिनावा, मियाको, याएयामा आणि योनागुनी अशा सहा वेगळ्या भाषा नोंदवल्या. मी त्यांच्या मागे आहे.

प्रश्न: ताई, मी भाषाशास्त्र शिकते. मला र्युक्यूचे शब्द घेऊन स्वतः पुनर्रचना करून पाहायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: वहीपासून कर, संगणकापासून नको. आडवी वही घे आणि पाच रकाने पाड: अमामी, शुरी, मियाको, याएयामा, योनागुनी. सहावा रकाना कोरा ठेव, तुझ्या ताऱ्यांसाठी. सगळं देवनागरीत लिही. मी अजूनही तसंच करते. क-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग ओळीने मांडलेले असले की कुठला आवाज कुठे सरकला ते नजरेलाच दिसतं. मियाकोच्या घरघरणाऱ्या स्वराला मात्र स्वतःची एखादी खूण ठरवून घे, नाहीतर महिन्याभराने तुझंच अक्षर तुला कळणार नाही.

सुरुवातीचे शब्द शरीराचे, निसर्गाचे, नात्यांचे घे. डोळा, हात, पोट, झाड, पाऊस, माणूस. जपानीचा रकाना पहिल्या दिवशी पाडू नकोस. तो दिसला की हात आपोआप जपानीकडे वळतो आणि सगळ्या बेटांचे शब्द 'बिघडलेली जपानी' वाटायला लागतात. आधी बेटांचा आपसांतला हिशेब मिटव, मग जपानीला बोलाव.

साहित्य कमी नाही. शुरीच्या बोलीचा मोठा कोश १९६३ चा आहे, जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने काढलेला. नाकिजिनचा कोश नाकासोने सेइझेन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. ते त्याच गावचे. मियाकोसाठी निकोलाय नेव्हस्की या रशियन अभ्यासकाच्या टिपणांचा आधार आहे. तो १९२२ पासून दोन-तीनदा मियाकोला गेला, गाणी आणि शब्द कानाने टिपले, आणि मायदेशी परतल्यावर १९३७ मध्ये लेनिनग्राडला गोळ्या घालून मारला गेला. त्याने टिपलेले काही उच्चार आज तिथे कोणी करत नाही. जुन्या लेखनात 'ओमोरो सोशी' हा ओकिनावाचा गीतसंग्रह आहे, १५३१ ते १६२३ या काळात बावीस खंडांत सिद्ध झालेला. पण तो जपानी काना लिपीत लिहिलेला, त्यामुळे 'ए' लिहिलंय म्हणून 'ए'च म्हणत असतील असं गृहीत धरू नकोस. त्यापेक्षा १५०१ मध्ये एका कोरियन ग्रंथाला जोडलेली ओकिनावी वाक्यं जास्त कामाची, कारण ती हंगुलमध्ये आहेत. हंगुल म्हणजे मुळात उच्चार पकडायलाच घडवलेली लिपी.

आता दोन खड्डे दाखवून ठेवते.

पहिला, उसने शब्द. सगळे सांगतात की शब्द नियमात बसला तर वारशाचा, न बसला तर उसना. इतकं सोपं नाही. १६०९ मध्ये क्यूशूतल्या सात्सुमा या जपानी संस्थानाने र्युक्यू जिंकलं, त्यानंतर दोन्ही भाषा येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. अशा माणसाला आतून माहीत असतं की जपानी 'ओ' म्हणजे आपला 'उ', जपानी 'ए' म्हणजे आपला 'इ'. तो शब्द घेतानाच त्याला घरचे कपडे चढवतो. वर मी दिलेला 'कुकुरु' घे. नियमाला अगदी चोख. तरी शुरीत मनासाठी रोजच्या बोलण्यात येतो तो 'चिमु', म्हणून 'कुकुरु'कडे मी जरा तिरप्या नजरेने पाहते. असा संशय आला की शब्द दूरच्या दक्षिण बेटांवर आहे का ते बघ, आणि सूर बघ, म्हणजे शब्द म्हणताना आवाज कुठे चढतो-उतरतो ते. र्युक्यूच्या पूर्वजात नामांचे सुरानुसार तीन वर्ग होते, हे मात्सुमोरी आकिको आणि इतरांनी दाखवलं आहे. उसना शब्द स्वर-व्यंजनांत बेमालूम मिसळतो, पण सुरात पुष्कळदा चुकतो. या वर्गांचा माग शुरीत दुसऱ्याही रूपाने दिसतो: पातेल्याला जपानीत 'नाबे' म्हणतात, शुरीत 'नाबि', पण पहिला 'ना' चांगला लांबवून. सावलीच्या 'कागे'चा 'कागि', तोही लांबवून. त्याचा अर्थ तिथे रूप, चेहरामोहरा असा झाला आहे. हा लांब स्वर मुळातला की सुरामुळे आलेला, यावर हात्तोरींपासून वाद चालू आहे. तू त्यात इतक्यात पडू नकोस.

दुसरा खड्डा ओगामी. मियाकोजवळचं हे चिमुकलं बेट. इथे स्वर इतके घासले गेले आहेत की काही शब्दांत एकही घोष ध्वनी, म्हणजे गळा थरथरवून काढलेला आवाज, उरलेला नाही. 'क्स्स' म्हणजे स्तन, 'प्स्क्स' म्हणजे ओढणं, 'क्स्क्स' म्हणजे ऐकणं, आणि महिनाही. कुजबुजल्यासारखा अख्खा शब्द. तोमा पेलार या फ्रेंच अभ्यासकाने २००९ मध्ये या बोलीचं वर्णन केलं, ते जरूर वाच. पण ओगामीत ग, द, ब हे स्पर्शच नाहीत. सगळे क, त, प झाले. म्हणून तिथे 'प' दिसला की हुरळून जाऊ नकोस. तो मूळचा 'प' की 'ब' घोष हरवून झालेला, हे मियाकोच्या मोठ्या बेटावर हिराराला जाऊन विचारायचं. आणि तिथे 'ब' निघाला, तर त्याच्यामागे 'व' उभा आहे का, हेही. एका अक्षरासाठी दोन मुक्काम.

पहिले पन्नास शब्द झाले की मला वही पाठव. तारे पेन्सिलीने लाव.

प्रश्न: शब्दांवरून लोक या बेटांवर कधी आले हे सांगता येतं का?

उत्तर: एकट्या शब्दांवरून नाही, पुरातत्त्व सोबत घेतलं तर बरंच. र्युक्यूच्या पूर्वजात राळे '*आवा', सातू '*मोगि', गाय '*उसि' हे शब्द धरता येतात. म्हणजे ही भाषा बोलणारे शेतकरी होते. ओकिनावात मात्र हजारो वर्षं लोक मासे, शिंपले आणि रानावर जगत होते. शेती पक्की रुजते ती साधारण दहाव्या ते बाराव्या शतकात, ज्याला पुढच्या गढ्यांवरून गुसुकु काळ म्हणतात त्याच्या तोंडावर. तेव्हा ही भाषा शेतीबरोबर आली असं मानायला जागा आहे.

पण मग एक पेच पडतो. वर '*मेझु'मध्ये पाहिलं तसं, ही शाखा जपानीपासून आठव्या शतकाच्या आधीच फुटलेली होती. फुटली आधी, पोचली दोन-तीनशे वर्षांनी किंवा त्याहून उशिरा. मधल्या काळात होती कुठे? सगळ्यात पटणारं उत्तर म्हणजे क्यूशूमध्ये, शेजारीपाजारी जपानी बोलली जात असताना. तिथली त्यांची भाषा पुढे जपानीने गिळली, बेटांवर गेलेली तेवढी राहिली.

या हिशेबात रताळ्याने फसू नका. शुरीत रताळ्याला 'न्मु' म्हणतात, मियाकोत नुसतं ओठ मिटून 'म्म्', आणि दोन्ही मिळून '*उमो' असा शब्द छान बसतो. त्यावरून कोणी म्हणेल की पूर्वज रताळी खात होते. रताळं ओकिनावात आलं १६०५ मध्ये, नोगुनी सोकान याने चीनच्या फुज्यान प्रांतातून आणलं. '*उमो' हा अळकुडी-कोनफळासारख्या कंदांचा जुना शब्द. आठव्या शतकातल्या जपानीतही तो 'उमो' असाच येतो. रताळ्याने येऊन घर बळकावलं, आणि अळकुडीला 'तान्मु', म्हणजे खाचरातलं रताळं, असं नवं नाव घ्यावं लागलं.

प्रश्न: नकाशात ओकिनावातलं निशिहारा गाव पाहिलं. जपानीत 'निशि' म्हणजे पश्चिम, पण गाव तर शुरीच्या ईशान्येला आहे. नकाशा चुकला की नाव?

उत्तर: दोन्ही बरोबर. ओकिनावात 'निशि' म्हणजे उत्तर. शुरीच्या उत्तरेकडचं म्हणून निशिहारा. लिहिताना मात्र 'पश्चिम' अर्थाचं चिनी अक्षर वापरलं गेलं, कारण जपानीत 'निशि' त्याने लिहितात. पश्चिमेला तिथे 'इरि', म्हणजे सूर्य आत शिरतो ती बाजू, आणि पूर्वेला 'आगारि', तो वर येतो ती. इरिओमोते बेटाच्या नावात हाच 'इरि' आहे, आणि तिथेही अक्षर पश्चिमेचंच.

मियाको आणि याएयामातही 'निशि'चा अर्थ उत्तर, त्यामुळे र्युक्यूच्या पूर्वजात '*निसि' म्हणजे उत्तर असं लिहायला मला अडचण नाही. त्याच्याही मागे, जपानी आणि र्युक्यू एक होत्या तेव्हा, हा शब्द कुठल्या दिशेचा होता? ध्वनी टोळीने सरकतात, म्हणून त्यांचे नियम लावता येतात. अर्थ एकेकटे भटकतात. 'न्मु' कसा भटकला ते वर आलंच आहे. म्हणून माझ्या वहीत त्या ओळीला '*निसि' लिहिलेलं आहे आणि अर्थाची जागा कोरी आहे.